तडे गेलेल्या डांबरी रस्त्यावर नवा थर: आधी काय तपासायचे, मग काय टाकायचे

डांबरी रस्त्याच्या चाकोरीत जाळीदार तडे पडले की आपल्याकडे एक ठरलेला क्रम चालतो. निधी किती ते आधी पाहायचे, त्यातून थराची जाडी काढायची, मग अंदाजपत्रक, मग काम, आणि चाचण्या सगळ्यात शेवटी, बिलाला जोडायला. दोन गळीत हंगाम गेले की तेच तडे त्याच जागी वर येतात. मग डांबर हलके होते, पाऊस फार झाला, ट्रॉल्या जास्त भरल्या अशी कारणे निघतात. ती खोटी नसतात. पण त्यातले बहुतेक सगळे काम सुरू होण्याआधी मोजता आले असते.

पुढचे टप्पे कनिष्ठ अभियंते, ठेकेदाराचे साइट इंजिनिअर आणि स्थापत्यचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांच्यासाठी आहेत. उदाहरणे सोलापूर जिल्ह्यातली आहेत: काळी माती, कडक उन्हाळा आणि हिवाळाभर चालणारी उसाची वाहतूक.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. भरलेले चाक पुढे सरकते तेव्हा डांबरी थर किंचित वाकतो. त्याचा माथा दाबला जातो, तळ ताणला जातो. एका चाकाने काही होत नाही, पण असे लाखो वेळा झाले की तळाशी केसाएवढी चीर पडते आणि ती वर चढत जाते. चाकोरीत तडा दिसतो तेव्हा थराचा खालचा भाग बहुधा आधीच फाटलेला असतो. जाड थरांत उलटही घडते: उन्हाने कडक झालेल्या माथ्यावर टायरच्या कडेशी चीर पडते आणि खाली उतरते. वरून दोन्ही तडे सारखेच दिसतात. उपाय मात्र वेगळे आहेत, आणि खर्चातही मोठा फरक आहे.

## टप्पा १: हंगाम पाहून वेळापत्रक आखा

सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. त्या पाण्याने काळी माती फुगून मऊ झालेली असते, आणि ती सुकायच्या आतच कारखान्यांचे गाळप सुरू होऊन उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. सर्वांत कमकुवत पाया आणि सर्वांत जड वाहतूक यांची गाठ त्याच महिन्यांत पडते. इथल्या ऊस-रस्त्यांच्या आयुष्याचा बराचसा निकाल या दोन-तीन महिन्यांतच लागतो, असे माझे मत आहे.

म्हणून तड्यांची पाहणी आणि पायाची तपासणी पाऊस थांबताच करा. वाहतुकीची मोजणी गाळप पूर्ण भरात असताना करा. एप्रिलमध्ये मोजणी केली तर कागदावर हलका रस्ता मिळतो. मे महिन्यात खड्डा घेतला तर माती दगडासारखी लागते आणि तिची ताकद फसवी दिसते.

इशारा: मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून पाहणी फेब्रुवारीत उरकू नका. तशीच वेळ आली तर निदान मातीचे नमुने ४ दिवस भिजवूनच सीबीआर (मातीच्या ताकदीचे टक्केवारीतले माप) काढा.

## टप्पा २: रस्ता पायी चाला आणि तडे ओळखा

गाडीतून पाहणी होत नाही. खडू, टेप, तीन मीटरची सरळ पट्टी, मोजपाचर आणि वही एवढेच साहित्य लागते. रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी ठेवा. हलकी सर पडून गेल्यावर, पृष्ठभाग सुकायला लागला की चालायला निघा. तड्यांत ओल टिकून राहते, त्यामुळे एरवी नजरेतून सुटणाऱ्या चिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

तडा कुठे आहे यावरून निम्मे निदान होते. चाकोरीत लांबीच्या दिशेने एकच बारीक रेघ असेल तर भाराच्या थकव्याची सुरुवात आहे. ती फुटून जाळी झाली तर थकवा पूर्ण झाला. त्या जाळीतून करडा चिखल वर आला असेल तर पाणी आत शिरले आहे आणि प्रत्येक चाक खालची बारीक माती उपसून वर आणत आहे. अशा जागेवर वहीत लाल खूण करा.

तडे चाकोरीपुरते नसून पूर्ण रुंदीभर मोठे चौकोन पडले असतील तर भाराला दोष देऊ नका. तिथे डांबर म्हातारे झाले आहे. रस्त्याच्या कडेपासून फूट-दीड फूट आत लांबच लांब भेग गेली असेल तर काळी माती सुकून आकसली आहे किंवा साईडपट्टी खचून कडेचा आधार गेला आहे. बसथांब्यावर किंवा गाड्या ब्रेक मारतात तिथे चंद्रकोरीच्या आकाराचे तडे दिसले तर वरचा थर खालच्यावरून घसरला आहे. टॅक कोट (दोन थर एकमेकांना चिकटवणारा पातळ डांबरी फवारा) नीट झालेला नव्हता.

चाकोरी किती दबली आहे तेही पट्टी ठेवून मोजा. चाकोरी रुंद दबलेली, कडेला फुगवटा नाही आणि सोबत तडे, तर खालचे थर बसले आहेत. चाकोरी खोल, तिच्या दोन्ही कडा वर उचललेल्या आणि तडे जवळपास नाहीत, तर वरचे मिश्रणच उन्हात वाहिले आहे. या दुसऱ्या प्रकारात खालचा रस्ता धडधाकट असू शकतो.

आयआरसी:३७-२०१८ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शिका) थकव्याने रस्ता निकामी धरायची मर्यादा २० टक्के तडेग्रस्त क्षेत्र अशी आहे, तर चाकोरीसाठी २० मिलिमीटर.

नेहमीची चूक: अख्ख्या किलोमीटरची सरासरी काढणे. ८०० मीटर ठणठणीत आणि २०० मीटर पार गेलेला रस्ता सरासरीत 'मध्यम' होतो. मग चांगल्या भागावर पैसा वाया जातो आणि वाईट भागाला तो पुरत नाही.

पुढे जाण्यापूर्वी तपासा: प्रत्येक तुकड्यासमोर तड्यांचा प्रकार, तडेग्रस्त टक्केवारी, चाकोरीची खोली आणि कडेच्या गटाराची स्थिती लिहिलेली आहे का?

## टप्पा ३: नुसती वाहने मोजू नका, धुऱ्यांचे (ॲक्सलचे) वजन मोजा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. वर्गवार मोजणी सलग ७ दिवस, २४ तास करायची असते. कोणी ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा करून मोकळे होतात. ऊस रात्रीही चालतो, आणि बाजार समितीकडे येणारे कांद्याचे ट्रक पहाटे पोचतात.

मोजणीनंतर भार. डिझाइनचे माप आहे ८० किलोन्यूटनची, म्हणजे साधारण ८.१६ टनांची, दोन्ही बाजूंना जोडचाके असलेली एक धुरी. तिच्यामुळे होणारे नुकसान १ धरा. दुसऱ्या वजनाची तशीच धुरी असेल तर तिचे किलोन्यूटनमधले वजन भागिले ८० (टनांत असेल तर भागिले ८.१६), आणि त्या उत्तराचा चौथा घात. १०.२ टनांची धुरी सुमारे २.४ भरते. ११.५ टनांची जवळपास ४. आणि १६ टनांपर्यंत भरलेली धुरी १५ च्या आसपास जाते. अशी एक धुरी गेली की प्रमाण धुरी पंधरा वेळा गेल्यासारखे होते. जोडचाकांच्या धुरीची कायदेशीर मर्यादा २०१८ साली १०.२ वरून ११.५ टन झाली, त्यामुळे नियमात बसणारा ट्रकही आता प्रमाण धुरीच्या चौपट झीज करतो. पुढच्या एकेरी चाकांच्या धुरीला ८० ऐवजी ६५, जोडधुरीला १४८ आणि तिहेरी धुरीला २२४ किलोन्यूटनने भागायचे. हे आकडे मोजणीच्या तक्त्यावरच छापून ठेवा, म्हणजे जोडधुरीचे वजन ८० ने भागण्याचा प्रकार टळेल.

ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या 'शेतीचे वाहन' म्हणून मोजणीतून सोडून देऊ नका. व्यापारी वाहनासाठी आयआरसीचा निकष ३ टन किंवा त्याहून जास्त भरलेल्या वजनाचे वाहन असा आहे. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवर एकूण वजन कळते, धुरीवार कळत नाही. त्यासाठी रस्त्यावर धुरी-वजनाचे पॅड लावावे लागतात. रोज ३,००० पेक्षा कमी व्यापारी वाहने असतील तर किमान २० टक्के वाहनांच्या धुऱ्या तोला.

आणखी एक. कारखान्याकडे जाणारी बाजू भरलेली असते, परतीची रिकामी. दोन्हींची सरासरी काढली की भाराचा आकडा निम्म्यावर येतो. जड बाजूचाच आकडा डिझाइनला घ्या.

हिशेब कसा बदलतो ते पाहा. दुपदरी रस्ता, रोज ८०० व्यापारी वाहने, ५ टक्के वाढ, १५ वर्षे, एका दिशेला निम्मी वाहतूक. धुऱ्या तोलल्याच नाहीत आणि कोष्टकातला वाहन-हानी गुणांक (एक वाहन किती प्रमाण धुऱ्यांएवढी झीज करते तो आकडा) ३.९ उचलला, तर सुमारे १२ दशलक्ष प्रमाण धुऱ्या निघतात. तोलल्यावर तोच गुणांक ७ निघाला तर आकडा २२ दशलक्षांवर जातो. २० दशलक्षांपासून पुढे थकव्याचा हिशेब ८० ऐवजी ९० टक्के विश्वासार्हतेने करावा लागतो (राष्ट्रीय, राज्य व शहरी रस्त्यांना तो एरवीही तसाच करायचा असतो). ९० टक्क्यांच्या सूत्रात तेवढ्याच स्ट्रेनला (थर किती ताणला जातो त्याच्या मापाला) आयुष्य जवळपास एक तृतीयांश धरले जाते. म्हणजे एका न केलेल्या तोलणीने डिझाइन दोन जागी चुकते.

## टप्पा ४: खड्डे घ्या, कोअर काढा

प्रत्येक प्रकारच्या तुकड्यात निदान दोन जागा उघडा: एक तडे असलेली, एक चांगली. तुलना नसेल तर दोष समजत नाही. कोअर, म्हणजे यंत्राने कापून काढलेला थरांचा गोल नमुना, मुद्दाम तड्यावरच घ्या. कोअर मोडेल म्हणून शेजारच्या चांगल्या जागी घेणारे बरेच भेटतात, आणि मग अहवालात सगळे उत्तम येते.

कोअर हातात आला की आधी बाजूने पाहा. तडा तळाशी रुंद आणि वर बारीक आहे का? मग तो खालून आला. वरच्या २०-३० मिलिमीटरमध्येच संपतो का? मग तो वरून आला आहे आणि तेवढा भाग मिलिंग करून (यंत्राने खरवडून) काढला तरी भागेल. कोअर उचलताच दोन थर सुटे झाले तर जोड नव्हताच. सुटे थर एकत्र वाकत नाहीत, प्रत्येक जण आपापला वाकतो, आणि वरच्या थराच्या तळाशी स्ट्रेन एकदम वाढतो. तळ पोकळ, खडी उघडी आणि डांबर निघून गेलेले दिसले तर पाण्याने खडी सोलली आहे. जाडी मोजा आणि जुन्या नोंदवहीतल्या जाडीशी ताडून पाहा. त्यावर भाष्य करायची गरज पडत नाही.

खड्ड्यात डब्ल्यूएमएमची (डांबराखालच्या खडीच्या थराची, वेट मिक्स मॅकॅडमची) जाडी, मुरमात माती किती मिसळली आहे, आणि खालच्या काळ्या मातीतली ओल बघा. भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर २-३ टक्के येणे नवल नाही. रोज ४५० हून जास्त व्यापारी वाहने असतील तर पायाचा परिणामी (वरची भर आणि खालची माती मिळून येणारा) सीबीआर किमान ५ टक्के हवा. मुक्त फुगवटा (पाण्यात सोडल्यावर माती किती फुगते ते माप) ५० टक्क्यांच्या वर असलेली माती भरावाला घेऊ नये, हेही विसरले जाते, कारण ती शेजारच्याच शेतात फुकट मिळते.

## टप्पा ५: वाकण मोजा, पण गेलेल्या रस्त्याचे नको

बेंकलमन बीम (भरलेल्या चाकाखालचे वाकण मोजणारी लांब दांडी) असेल तर आयआरसी:८१-१९९७ ची पद्धत: मागच्या धुरीवर ८,१७० किलो, टायरमध्ये ५.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा, आणि प्रमाण तापमान ३५ अंश, प्रत्येक अंशाच्या फरकाला ०.०१ मिलिमीटर दुरुस्ती. वरून वजन टाकून वाकण मोजणारे एफडब्ल्यूडी यंत्र मिळाले तर उत्तम, कारण त्यातून थराथराची ताकद वेगळी कळते. त्याची पद्धत आयआरसी:११५-२०१४ मध्ये आहे.

ज्या तुकड्यात २० टक्क्यांवर तडे आहेत तिथे वाकण मोजून नव्या थराची जाडी काढू नका. तो तुकडा निकामी धरून आधी दुरुस्त करायचा असतो. आणि सरासरी वाकण वापरू नका. महत्त्वाच्या रस्त्यांना सरासरीत प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवा, इतरांना एकपट.

## टप्पा ६: आता निर्णय

खालची गादी बसली असेल तर वर नवी सोलापुरी चादर अंथरून पाठदुखी जात नाही. तुकडानिहाय निर्णय असा घ्या.

चिखल वर येणारी लाल खुणेची जागा मुरमापर्यंत, गरज पडल्यास मातीपर्यंत खोदून काढा आणि थराथराने पुन्हा भरा. तिथे वरून कितीही जाड थर टाकला तरी तो जाणार.

जाळी आहे, तडा पूर्ण जाडीत आहे, पण खालचा खडीचा थर कोरडा आणि घट्ट आहे: तेवढा भाग चौकोनी, सरळ उभ्या कडांनी कापा, डांबरी थराच्या पूर्ण खोलीपर्यंत काढा, डीबीएमने (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, खालच्या डांबरी थराचे मिश्रण) भरा, मग सगळ्यावर नवा थर. जाळीच्या बाहेर निदान फूटभर चांगला भाग कापात येऊ द्या.

तडे वरवरचे असतील तर मिलिंग आणि तेवढाच थर परत. म्हातारपणाचे चौकोनी तडे असतील तर तडे भरून पातळ थर चालतो. तिथे जाड डीबीएम टाकणे म्हणजे पैसा मुरवणे. कडेच्या भेगांवर डांबर ओतण्याआधी साईडपट्टी आणि गटार करा.

३ मिलिमीटरहून रुंद तडे न भरता त्यावर थर टाकला तर खालच्या तड्याची हालचाल नव्या थरात उमटते. फार तडे असतील तर मध्ये ताण शोषणारा डांबरी पडदा द्या.

जाडी आयआयटीपेव्ह या डिझाइनच्या संगणक प्रणालीने काढा आणि डांबरी थराच्या तळाचा स्ट्रेन स्वतः वाचा. थकव्याच्या सूत्रात स्ट्रेनचा घात ३.८९ आहे. स्ट्रेन १० टक्क्यांनी कमी झाला तर आयुष्य दीडपट होते, आणि २० टक्क्यांनी वाढला तर निम्मे. कागदावर ५० मिलिमीटर आणि रस्त्यावर ४० असा फरक म्हणूनच 'थोडासा' नसतो.

## टप्पा ७: मिश्रण ठरवा

थकव्याच्या सूत्रात मिश्रणाचा एक गुणक आहे. तो दोनच गोष्टींवर ठरतो: हवेची पोकळी किती आणि खडीत न मुरलेले परिणामी डांबर आकारमानाने किती. पोकळी ४.५ टक्के आणि डांबर ११.५ टक्के असेल तर गुणक सुमारे १.४ येतो. पोकळी ३ आणि डांबर १३ केले तर ३.९, म्हणजे आयुष्य जवळपास तिप्पट. पोकळी ७ वर गेली आणि डांबर ११ वर आले तर गुणक ०.४. बाकी सारे तेच धरले तर पहिल्या मिश्रणाच्या एक तृतीयांशही आयुष्य उरले नाही. जाडी तीच, खडी तीच, बिलही तेच.

मग सगळीकडे डांबर वाढवावे का? नाही. सोलापूरच्या मे महिन्यात भरपूर डांबराचा वरचा थर डांबर सुटून चकाकेल आणि चाकोरी वाहील. डांबराने समृद्ध, कमी पोकळीचे मिश्रण फक्त सर्वांत खालच्या डीबीएम थराला वापरा; ताण तिथे येतो, उष्णता मात्र वरच्याइतकी पोचत नाही. वरच्या बीसीला (बिटुमिनस काँक्रीट, चाकाखालचा सर्वांत वरचा थर) पोकळी ४ टक्क्यांच्या आसपास ठेवा. मार्शल चाचणीत (मिश्रणाचा नमुना ठोकून त्याची ताकद आणि पोकळी पाहायची चाचणी) ७५ ठोके, पोकळी ३ ते ५ टक्के, डांबराने भरलेल्या जागा ६५ ते ७५ टक्के, आणि व्हीजी (घट्टपणावरून प्रत ठरवलेल्या) डांबराला स्थिरता किमान ९ किलोन्यूटन.

डांबराची प्रत निवडताना लोक 'जास्त कडक ते जास्त चांगले' असे धरून चालतात. आयएस ७३ प्रमाणे ७ दिवसांचे सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंशांत असेल तर व्हीजी-३०. जड आणि संथ वाहतुकीला, एकूण थर जाड असतील तर व्हीजी-४० घ्यायला हरकत नाही, कारण कडक जाड थर कमी वाकतो. पण मऊ पायावर ३०-४० मिलिमीटरचा पातळ थर पाया जेवढा वाकवेल तेवढा वाकणारच. तिथे कडक डांबर लवकर तडकते. पातळ थराला लवचीकपणा हवा.

आपला काळा खडक डांबराला बरा धरतो, पण क्रशरची धूळ बसलेली खडी धरत नाही. डांबर खडीला चिकटायच्या ऐवजी धुळीला चिकटते आणि पहिल्याच पावसात सुटते. ओल्या-कोरड्या नमुन्यांच्या ताणशक्तीचे गुणोत्तर ८० टक्क्यांच्या खाली आले तर फिलर (बारीक भुकटी) म्हणून एकूण खडीच्या वजनाच्या २ टक्के कळीच्या चुन्याची विरी, म्हणजे हायड्रेटेड लाइम, वापरा.

तपासा: मिश्रणाचा आराखडा ज्या खडीवर केला तीच खडी प्लांटवर आली आहे का? खाण बदलली की आराखडा नव्याने.

## टप्पा ८: पाणी काढा, धूळ काढा, टॅक कोट मारा

गटारे आणि मोऱ्या आधी साफ करा, थर टाकल्यावर नव्हे. साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल तर पाणी कडेला तुंबते आणि खाली उतरते, म्हणून ती छाटून बाहेर उतार द्या.

पृष्ठभाग कॉम्प्रेसरने झाडून घ्या. जुन्या डांबरी थरावर टॅक कोट चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो. मोजायला सोपी युक्ती: माहीत असलेल्या मापाचा पत्रा रस्त्यावर ठेवा, फवारा त्यावरून जाऊ द्या, आधीचे आणि नंतरचे वजन काढा. टॅक कोटचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) तपकिरी असते. ते काळे पडेपर्यंत थांबा. तपकिरी असतानाच पेव्हर (मिश्रण पसरणारे यंत्र) चालवला तर पाणी थरांमध्ये अडकते.

इशारा: झारीने नागमोडी ओतलेला टॅक कोट हा टॅक कोट नव्हे. इमल्शनमध्ये साइटवर पाणी मिसळताना कोणी दिसले तर काम थांबवा.

## टप्पा ९: तापमान, मग रोलर, मग पुन्हा तापमान

आराखड्यातली ४ टक्के पोकळी प्रयोगशाळेत मिळते. रस्त्यावर ती मिळवायची तर रोलरनेच, आणि मिश्रण गरम असेपर्यंतच. व्हीजी-३० साठी मिश्रण प्लांटवर १५० ते १६५ अंश, पसरताना किमान १४०, रोलिंग संपेपर्यंत किमान ९०. व्हीजी-४० साठी अनुक्रमे १६० ते १७०, १५० आणि १००. प्लांटच्या काट्यावर भिस्त ठेवू नका; स्वतःचा थर्मामीटर टिपरमधल्या मालात मध्यभागी खुपसा. टिपरमधून निळसर धूर निघत असेल तर माल जळाला आहे. तो पसरताना सोपा जातो, पण त्यातले डांबर वयाने कित्येक वर्षे पुढे गेलेले असते. निस्तेज, तपकिरी, खडी उघडी दिसणारा माल थंड किंवा डांबराने कमी आहे. दोन्ही परत पाठवा.

टिपरवर ताडपत्री हवीच. डिसेंबरच्या सकाळी वारा असेल तर पातळ थर बघता बघता थंड होतो, म्हणून रोलर पेव्हरच्या मागे लागूनच ठेवा. एप्रिलच्या दुपारी उलट अडचण येते: माल रोलरपुढे ढकलला जातो, तेव्हा जरा थांबून घ्या.

क्रम असा. आधी ८ ते १० टनांचा स्थिर रोलर. मग कंपन रोलर आणि १२ ते १५ टनांचा टायर रोलर, टायरमध्ये किमान ५.६ किलोची हवा. शेवटी ६ ते ८ टनांचा गुळगुळीत रोलर, फक्त खुणा पुसायला. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत. कमी बाजूच्या कडेकडून उंच बाजूकडे जा. टायर रोलर वगळणे ही फार जुनी खोड आहे, आणि पोकळी बंद होते ती त्याच्याच मळण्याने. किती फेऱ्या लागतात ते पहिल्या दिवशी चाचणी पट्ट्यावर ठरवा आणि ऑपरेटरला लिहून द्या.

नेहमीची चूक: थंड झालेल्या थरावर जादा फेऱ्या मारणे. घनता वाढत नाही, खडी फुटते आणि केसासारख्या आडव्या चिरा पडतात.

दुसऱ्या दिवशी कोअर काढा. घनता पोकळीविरहित कमाल सैद्धांतिक घनतेच्या सरासरी ९२ टक्क्यांहून कमी नको, म्हणजे रस्त्यावरची पोकळी ८ टक्क्यांच्या आत. काही कोअर मुद्दाम दोन पट्ट्यांच्या जोडावर घ्या. जोड चाकोरीत येणार नाही अशी पेव्हरची आखणी पहिल्याच दिवशी केलेली असावी.

## टप्पा १०: वाहतूक सोडल्यावर

थर आजूबाजूच्या हवेइतका थंड झाल्याशिवाय जड वाहन सोडू नका, मागे कितीही ट्रॉल्या तटल्या तरी.

पाइपलाइनसाठी नव्या रस्त्यात आडवी चर खोदायची परवानगी मागितली जाईल. परवानगी देणारे तुम्ही नसाल तरी चर कशी भरायची हे लेखी द्या: थराथराने ठोकून, वर डांबरी मिश्रण, कडा कापून आणि इमल्शन लावून. मुरूम ढकलून पाणी मारणे म्हणजे भरणे नव्हे. त्या चरीतून पाणी दोन्ही बाजूंच्या पायात उतरते.

पहिल्या सप्टेंबरानंतर आणि पहिल्या गाळपानंतर त्याच १०० मीटरच्या तुकड्यांतून पुन्हा चाला, तीच वही घेऊन. चाकोरीत एकच बारीक रेघ दिसली तर ती लगेच भरा. त्या अवस्थेत काम थोडक्यात होते. रेघ पहिल्याच वर्षी दिसली असेल तर नुसती भरू नका. तिच्यावर कोअर घ्या, जाडी, जोड आणि पोकळी मोजा, आणि दोषदायित्व कालावधी (ज्यात दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे असतात) संपण्याआधी अहवाल लेखी पाठवून पोच घ्या.